आधी सेल बघा

“आधी सेल बघितला का?”

मान वर न करताच त्याने विचारलं. माझी छत्री काउंटरपाशी गळत होती आणि मी तशीच उभी. दुकान हातभर रुंद. भिंतीवर बंद पडलेल्या घड्याळांची रांग, टेबलावर पोट उघडं टाकून पडलेला एक रेडिओ, आणि मधोमध डोळ्याला भिंग लावून बसलेला हा. खरं तर त्या दुकानात जायचं मला काही कारणच नव्हतं. आमच्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफर काकांचे गुडघे त्या पावसात आखडले होते, म्हणून त्यांचा कॅमेरा दुरुस्तीला न्यायचं काम माझ्या गळ्यात आलं. नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून समोरच्या गल्लीतलं हे.

“कॅमेऱ्याला कसला सेल? बॅटरी असते ना?”

“ती असतेच. शिवाय आत बटणाएवढा एक सेल असतो, घड्याळाचा. माणसं बॅटरी बदलतात, काच पुसतात, कॅमेऱ्याला शिव्या घालतात... सेल मात्र कोणी बघत नाही.” आता त्याने भिंग काढलं. “म्हणून सगळ्यांना सांगत असतो, आधी सेल बघा.”

हे तीन शब्द मी गेलं वर्षभर रोज वाचत होते.

आजच्या मुलींना खरं वाटायचं नाही, पण तेव्हा नेटवर माणसं पानंच्या पानं भांडायची आणि तरीही एकमेकांना ‘अहो’ म्हणायची. आमच्या शहराचा असाच एक फळा होता. फोटो नाहीत, हसरे चेहरे नाहीत, नुसती अक्षरं. कोणता फोन घ्यावा इथून चर्चा सुरू व्हायची आणि महापौरांच्या भाषणावर जाऊन आदळायची. खरं नाव कोणी लावत नसे. मी होते ‘शेवटचं पान’. आणि माझा सात जन्मांचा वैरी होता ‘टॉर्च’. वर्तमानपत्रात आकडा चुकला, जुना फोटो नवा म्हणून छापला, एका मंत्र्याचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेलं, की हा उजेड पाडायला हजर! यंत्रांबद्दल कोणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं – ‘आधी सेल बघा.’ राजकारणाबद्दल विचारलं तरी तेच. मी वर्तमानपत्रात शुद्धिपत्राचा कोपरा सांभाळायचे, कचेरीत मला सगळे ‘खोडरबर’च म्हणायचे. त्यामुळे आमच्या चुका मला त्याच्याआधी ठाऊक असायच्या, तरीही मी कंबर कसून आमची बाजू लढवायचे. पहिल्याच भांडणात त्याने लिहिलं होतं, ‘शेवटच्या पानाशी माझं या जन्मात पटायचं नाही. लिहून घ्या.’

फळ्याची एक रीत होती. चुकलेलं पुसायचं नाही. त्यावर आडवी रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता येतील अशी, आणि खाली लिहायचं – ‘चूक माझी.’ मग आपलं टोपणनाव. कारणं नकोत, सबबी नकोत. माझ्या नावावर अशा अकरा रेघा होत्या. टॉर्चच्या नावावर एकही नव्हती, आणि हे तो अधूनमधून अगदी नम्रपणे सांगायचा.

तोच आता समोर बसून पावतीपुस्तक शोधत होता.

“नाव काय लिहू?”

“लिहा... खोडरबर.”

“काय?”

“कचेरीत तेच म्हणतात. त्याच नावाने न्यायला येईन.”

“बरं, खोडरबर. परवा या.”

“परवा नक्की?”

“माझी वेळ चुकत नाही.”

“कधीच?”

“अजून तरी नाही.”

“अरेरे... म्हणजे चुकल्यावर कसं वाटतं ते तुम्हाला ठाऊकच नाही! मला विचारा. सवयीने छान जमतं.”

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हसायचा, दुसरा नुसता बघत राहायचा. मी पावती घेतली आणि छत्री विसरून बाहेर पडले. दहा पावलांवर भिजल्याचं कळलं, तेव्हा परत गेले. तो छत्री घेऊन दारातच उभा होता.

घरी ताईला सांगितलं. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आणि सत्तर वर्षांनी शहाणी.

“वर्षभर ज्याच्या नावाने बोटं मोडलीस, तो दिसतो कसा?”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे?”

“बरा म्हणजे... ताई, हसताना त्याचा एकच गाल हसतो गं.”

“संपलं!” म्हणून ताईने भाजी चिरायला घेतली.

त्या महिन्यात फळ्यावर दुसरा विषयच नव्हता. आमच्या पहिल्या पानावर एक फोटो छापला होता. वाढदिवसाच्या समारंभात महापौरबाई खदखदून हसताहेत, आणि खाली ओळ – ‘दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.’ त्याच दिवशी चार वाजता खालच्या वस्तीतली मोठी जलवाहिनी फुटली होती आणि घराघरांत कमरेएवढं पाणी शिरलं होतं. शहर पेटलं. बाई सांगत होत्या, ‘मी आधी वस्तीत होते, समारंभाला संध्याकाळी गेले.’ ऐकतो कोण? त्यांना पदावरून काढायचा ठराव आला होता, शुक्रवारी मतदान होतं.

ती चार-दहाची वेळ फोटोखाली घातली होती मी. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा आपली वेळ नोंदवून ठेवतो, तिथून उचलली होती. फळ्यावर काहींनी शंका काढल्यावर टॉर्चने आमच्या संकेतस्थळावरून तीच फाइल उघडून तीच वेळ दाखवली आणि लिहिलं, ‘माणसं खोटं बोलतात, यंत्र नाही.’ लगेच दुसऱ्या दिवशी आम्ही छापलं, ‘जाणकारांचाही दुजोरा.’ त्याने हवाला दिला आमचा, आम्ही त्याचा. वर्षभरात आमचं पहिल्यांदा पटलं होतं, ते नेमकं इथे.

परवा, म्हणजे बुधवारी, मी कॅमेरा न्यायला गेले. नवा कुर्ता घातला होता, आणि ताईने तो बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं. पण तो आज हसला नाही.

“बसा. एक विचारायचं होतं. हा कॅमेरा वापरतात ते रोज सकाळी त्याचं घड्याळ लावतात का?”

“हो. आल्या आल्या. रोज चुकलेलंच असतं म्हणतात.”

“आणि बॅटरी चार्जिंगला कधी लावतात?”

“जेवताना. बारा ते तीन. मग तासभर घोरतात, ते वेगळं.”

तो हळूच म्हणाला, “सेल मेलाय. बॅटरी बाहेर काढली की घड्याळ थांबतं. परत घातली, की थांबलं होतं तिथून पुढे चालू. म्हणजे यांचा जेवणानंतरचा प्रत्येक फोटो... तीन तास मागे.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. चार दहा म्हणजे सात दहा.

“चाचणीसाठी कार्डावरचे फोटो उघडावे लागले. माफ करा.” त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला. “हा बघा. पूर्ण.”

तोच फोटो. छापताना जागेत बसावा म्हणून आम्ही तो कमरेशी कापला होता. इथे खालचा अर्धा भागही होता. महापौरबाईंच्या बुटांवर, कपड्यांवर, थेट गुडघ्यांपर्यंत चिखल होता. वस्तीतून उठून त्या तशाच आल्या होत्या.

“नेटवर एक माणूस आहे,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “जगाला सांगतो आधी सेल बघा, आणि स्वतः मात्र महिनाभर छातीठोकपणे... दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. तुम्हाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण तो माणूस—”

“टॉर्च,” मी म्हणाले.

त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

“तुम्हाला कसं...?”

“मी शेवटचं पान.”

बाहेर पाऊस पडत होता, भिंतीवरचं एकच दुरुस्त झालेलं घड्याळ टिकटिकत होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मी काउंटरवरच्या ओरखड्याकडे.

“मला वाटलं होतं, तुम्ही साठीच्या असाल,” शेवटी तो म्हणाला.

“मला तुम्ही टकले वाटला होतात.”

“हसा आता पोटभर. हक्क आहे तुमचा.”

पण मला हसू येईना. “ती वेळ फोटोखाली मीच घातली होती,” मी म्हणाले. “तुम्ही नुसती मान डोलावलीत.”

दुकानातल्याच फोनवरून मी संपादकांना गाठलं. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, मग म्हणाले, “दुरुस्तीवाल्याकडून सहीनिशी लेखी आण. नाहीतर एक अक्षर छापणार नाही.” मी फोन ठेवला. आता त्याच्याकडे मागायचं कसं? ज्याच्या नावावर एकही रेघ नव्हती, त्याला मी स्वतःच्या विरुद्ध लिहून दे म्हणणार होते. तो नाही म्हणाला तर एक बाई न केलेल्या गुन्ह्यासाठी जाणार. आणि हो म्हणाला, तर... फळ्यावर त्याची टर उडणार, आणि दर वेळी मला बघून त्याला ते आठवणार. दोन दिवसांची ओळख, पण ती गमवायची माझी तयारी नव्हती. हे मला तिथेच, त्या काउंटरपाशी उभ्या उभ्या कळलं.

“कागद आहे का?” त्याने विचारलं.

त्याने सगळं लिहिलं. सेल, घड्याळ, तीन तास. खाली पूर्ण नाव घालून सही केली. कागद देताना म्हणाला, “चुकल्यावर कसं वाटतं ते तुम्ही सांगणार होतात.”

“पहिले दोन दिवस वाईट. मग... हलकं.”

“बघू,” तो म्हणाला. पण माझ्याकडे बघून नाही.

संपादक शुद्धिपत्र दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात घालायला निघाले होते. “चूक पहिल्या पानावर आणि माफी दुसऱ्या?” मी भांडले, आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून भांडले. गुरुवारी पहिल्या पानावर पूर्ण फोटो आला, चिखलाच्या बुटांसकट. शुक्रवारी ठराव पडला. काकांनी नवा सेल घातलेला कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मला म्हणाले, “पोरी, तीन तास म्हातारा केलास गं मला.”

फळ्यावर मी बारावी रेघ मारली. त्याने पहिली. ‘माणसं खोटं बोलतात, यंत्र नाही’वर आडवी रेघ, खाली ‘चूक माझी. – टॉर्च.’ लोक तुटून पडले. ‘टॉर्चचाच सेल गेला!’ इथपासून काय काय. तो एका शब्दाने बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही... नऊ दिवस फळ्यावर त्याचं नाव दिसलं नाही. दुकानावरून जायची मला हिंमत होईना, मी लांबच्या रस्त्याने कचेरीत जाऊ लागले.

“घरात चालू घड्याळं तीन आहेत,” ताई म्हणाली. “त्यातलं एखादं मी पाडू का? दुरुस्तीला नेता येईल.”

“ताई!”

“बरं बाई. झुर.”

दहाव्या दिवशी दुपारी कचेरीत फळा उघडला. वर नवी चर्चा नव्हती, वर्षापूर्वीची एक जुनी वर आली होती. आमचं पहिलं भांडण. कोणीतरी त्यात आज काहीतरी लिहिलं होतं. मी खाली खाली सरकत गेले. माझे टोमणे, त्याचे टोमणे... आणि मग ते वाक्य. ‘शेवटच्या पानाशी माझं या जन्मात पटायचं नाही. लिहून घ्या.’

त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ होती. खाली लिहिलं होतं, ‘चूक माझी. – टॉर्च.’

कारणं नाहीत, सबबी नाहीत. मी रडले की हसले ते आठवत नाही, काकांनी मात्र रुमाल पुढे केला होता. मी खाली दोनच शब्द टंकले, ‘लिहून घेतलं.’ आणि छत्री न घेता सरळ त्या गल्लीत गेले. तो दारातच उभा होता.

“नऊ दिवस कुठे होतात?”

“वर्षभराची भांडणं पहिल्यापासून वाचत होतो,” तो म्हणाला. “एक विचारू? ...‘अगं’ म्हटलं तर चालेल?”

मध्यंतरी तो फळा कायमचा बंद झाला. आता तिथे कोणी जातही नव्हतं, आजकाल कोणाला स्वतःच्या चुकीवर रेघ मारायला सवड आहे? बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी एवढं एक पान छापून घेतलं आणि आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. आम्ही अजूनही भांडतो, रोज भांडतो. मी हल्ली फारसं बोलत नाही. नुसतं कपाटाचं दार उघडं ठेवते.