मेलेल्या उपग्रहाला हाक

सोसायटीतले लोक परत परत तेच सांगायला लावतात. चहा पाजतात, ऐकतात आणि जिन्यात जाऊन हसतात. परशुरामला त्याचाच वैताग. पण अर्धवट ऐकून भलतंच पसरवण्यापेक्षा पुरतं ऐका.

परशुराम तारोडीचा. उभा जन्म होडीवर गेला. गुडघे गेल्यावर नातू सूरजने त्याला सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटमध्ये आणला. सूरजचं काम घरूनच. कॉम्प्युटरवर खोटं आकाश, त्यात गरगरणारा एक मेलेला उपग्रह, आणि त्याला पकडून इंधन भरायला निघालेलं यान. सगळं नुसतं चित्र. पण यानाचा लोखंडी हात जवळ गेला की उपग्रह निसटायचा. एके दिवशी संध्याकाळी साहेब ते बघणार होते. जमलं नाही तर नोकरी जाणार.

त्या दुपारी खिडक्यांचे पडदे ओढलेले. खोलीत तापलेल्या वायरींचा वास. सूरज चहा ठेवायला उठला. परशुराम एकटाच कॉम्प्युटरच्या पडद्यावर डोळे लावून बसला. समुद्रात बेवारस होडी दिसली की आधी हाक मारायची, मग दोर टाकायचा, हीच त्याची रीत. भाऊ गुणवंतची रिकामी होडी सापडली, तेव्हाही त्यानेच हाक मारली होती. उलट ओ आली नव्हती.

लोखंडी हात पुढे सरकला. परशुरामच्या तोंडून सवयीने गेलं, "ओऽ... कोण हाय का?"

उपग्रह थांबला. वल्हं रोवल्यावर होडी थांबते, तसा हळूहळू. मग त्याच्या काळ्या अंगावर एक पिवळा दिवा दोनदा वर-खाली झाला, थांबला, परत एकदा झाला. कंदील तसा हलवायचा तो फक्त गुणवंत.

सूरज कप घेऊन दारात उभा. "आजोबा, काय दाबलंस?"

"काय न्हाय. हाक मारली. तो दिवा बघ..."

"त्यात दिवा टाकलेलाच नाही मी. खोटं नको बोलूस. माझ्या पोटावर पाय देतोयस तू."

त्याने सगळं पुसून पुन्हा सुरू केलं. उपग्रह पुन्हा निसटू लागला. साहेब समोर यायच्या जरा आधी सूरज पांढराफटक होऊन खोलीबाहेर आला. "आजोबा... एकदा हाक मार."

परशुरामने मारली. नोकरी वाचली.

आता हाक मारायला परशुरामला रोजचं बोलावणं असतं. परवा मात्र इंधन भरून झालं तरी उपग्रहाने यानाचा हात सोडला नाही. यानालाच ओढत तो चित्रातल्या पृथ्वीच्या निळ्या पाण्याकडे निघाला, सावकाश, दिवा हलवत. सूरजने वीज बंद केली. काळ्या पडद्यावर दिवा तेवढा हलत राहिला.

खोटारडा म्हणाला होता म्हाताऱ्याला. माफी अजून मागितलेली नाही... सूरजने.