उजवं वळण

तिच्या डाव्या बुटाचा तळ बाहेरच्या कडेने झिजला होता आणि उजव्याचा आतल्या. दोन्ही बूट शेजारी ठेवले की वाऱ्याने एकाच बाजूला कललेल्या रोपांसारखे दिसत. दोष बुटांचा नव्हता. ट्रॅकवर नेहमी डावीकडेच वळायचं असतं, आणि शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत ती ट्रॅकवरच वळत आली होती.

कॉलेज संपलं, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पण ही बातमी पायांना कुणी दिली नव्हती. घड्याळ मुद्दाम उशीखाली ठेवून ती सकाळी धावायला बाहेर पडे आणि प्रत्येक कोपऱ्यावर डावीकडे वळे. चार गल्ल्यांचा चौकोन, पुन्हा तोच चौकोन. हे तिच्या ध्यानात आलं ते एका कुत्र्यामुळे.

दवाखान्याच्या कोपऱ्यावर तिचा पाय कुत्र्याच्या दोरीत अडकला आणि ती दोरी धरणाऱ्याच्या खांद्यावर आदळली. भुरभुर पावसाने दोघांचेही केस ओले झाले होते.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"तुम्हाला नाही, साहेबांना विचारलं." तो वाकून कुत्र्याचा मागचा पाय चाचपत होता. "नुकतंच हाड जोडलंय."

ती ओशाळली. तो हसला, तेव्हा चिडली.

"तुम्ही परत येणार असाल तर आम्ही बाजूला होतो. तुमच्या फेऱ्या बघून साहेबांना घेरी आलीय. उजवीकडे जायला बंदी आहे का?"

"तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवता?"

"जनावरांचा डॉक्टर आहे. चाल बघणं हा धंदाच. घोडीलासुद्धा एकाच बाजूने फिरवलं की…"

"मी घोडी?"

"नाही, म्हणजे… तसं नाही… मी आत जातो."

त्याचे कान लाल झाले होते. तिने ते नीट पाहून घेतलं. निरीक्षण हा तिचाही धंदा होता.

दुसऱ्या दिवशी ती हट्टाने उजवीकडे वळली. उजव्या पायाला काही सुचेना. तो नव्या सुनेसारखा बिचकत पडत होता. पण रस्ता उतरत गेला आणि पुढे नदी निघाली. इतकी जवळ! पुलावर साहेब शेपटी हलवत उभे होते, आणि त्यांच्यामागे डॉक्टर, योगायोगाचा चेहरा करून.

मग रोजच पूल. तो धावायचा म्हणजे धापा टाकायचा. ती वेग कमी करी.

"माझ्यासाठी हळू होऊ नका," तो म्हणाला. "पुढे व्हा. आम्ही दोघं मिळून पाच पायांवर येतो, साहेबांचा एक अजून रजेवर आहे."

ती सुसाट सुटली. धावताना मागे बघायचं नाही, हा आत्याचा पहिला नियम होता. पुलाच्या टोकाला तिने मागे पाहिलं. त्याने हात हलवला. "टायमिंग किती?" हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

आत्या मात्र तेवढंच विचारायची. ती वडिलांची थोरली बहीण आणि कॉलेजची प्रशिक्षक. पहिले बूट तिनेच घेऊन दिले. नडग्या ठणकायच्या तेव्हा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बर्फ लावत बसायची. कॉलेज संपल्यापासून तिचा एकच घोशा होता, "क्लबच्या निवडीला येतेस ना?"

"बघू," ती म्हणायची. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती.

"रविवारी टेकडीवर याल?" डॉक्टरांनीही विचारलं.

"बघू."

"इंजेक्शन दिसलं की साहेबही असंच काहीतरी म्हणतात."

"आणि मग काय करतात?"

"टेबलाखाली जाऊन बसतात."

ती हसली खरी, पण बाण वर्मी लागला. "रविवारी आधी मैदानावर या," ती म्हणाली. "तिथे माझं टेबल आहे."

रविवारी क्लबची निवड होती. मैदानावर चुन्याच्या रेषा ओल्या होत्या. आत्याच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं.

"घड्याळ कुठाय तुझं?"

"उशीखाली."

"आणि कुंपणापाशी कोण उभंय?"

"जनावरांचे डॉक्टर."

"बरं झालं. गाढवपणावर औषध असेल तर विचार त्यांना. इतके महिने बसून पाय गंजले असतील."

"रोज धावते मी, आत्या."

"किती वेळात?"

"माहीत नाही."

भाची स्वतःचं नाव विसरावी तशी आत्या तिच्याकडे बघत राहिली. "वेळ न लावता धावणं म्हणजे नुसतं हुंदडणं!"

"हो. हुंदडतेच."

"डोकं ठिकाणावर आहे ना? चल, जागेवर जा."

ती रेषेवर गेली. समोर डावं वळण होतं, आणि शरीर आपोआप तिकडे कललं. आता शिट्टी वाजेल, पाय सुटतील, आणि ते 'बघू' आणखी वर्षभर पुरेल… ती रेषेवरून बाहेर आली. आत्याच्या ओठांवरची शिट्टी तिने हलकेच बाजूला केली आणि तिचा हात हातात घेतला.

"आत्या, मी निवडीला धावणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही. तू शिकवलेलं धावणं मी मरेपर्यंत सोडणार नाही. पण कुठे वळायचं, कुठे थांबायचं आणि कुणासाठी मागे बघायचं, हे यापुढे मी ठरवणार." मग ती कुंपणाकडे वळून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आणि तू! चल टेकडीवर. मी पुढे जाणार, तू मागून ये. पण मागे बघत बघत जाणार आहे मी… कारण मला तू आवडतोस!"