बर्फाच्या खोलीतलं शेवटचं गाणं

तेजलला वाटलं होतं, रत्नागिरीत परत आलं की शांतता आयती मिळेल. मिळाला तो शेजारणीचा मिक्सर, अवेळी आरवणारा कोंबडा आणि बोटींची इंजिनं. गाणं रेकॉर्ड करायला माईक लावला की ही सगळी मंडळी आत.

"काका, ही खरी गोष्ट ना?" केतनने विचारलं. मांडवीच्या जेटीवर वीज गेली होती. पोरं दत्तारामकाकांभोवती दाटून बसली होती.

"महिपत माझा मेहुणा. तेजलला मी लहानपणापासून ओळखतो. दोघांच्या तोंडून ऐकलंय. मधे बोलशील तर घरी जाशील."

काका पुढे सांगू लागले.

तेजलचे वडील विहारात रविवारी भीमगीतं गायचे. तो आवाज घेऊन पोर अमेरिकेत गाणं शिकायला गेली. तिकडच्या काळ्या लोकांचं सोल गाणं, छातीच्या तळातून उमटणारं, तिच्या गळ्यात बसलं. त्याच ढंगात तिकडची जुनी जॅझ आणि पॉप गाणी गाऊन तिला अल्बम करायचा होता. तोही इथेच. "मोठं काम मोठ्या शहरातच होतं, असं कोणी ठरवलं?" असं विचारायची.

भाट्याच्या खाडीलगत बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. महिपत तिथे राखणीला. तेजल त्याच्याकडे किल्ली मागायला गेली. आतली बर्फाची खोली बघून तिचे डोळे चमकले. हातभर जाडीच्या भिंती, आत बुचाचे थर. टाळी वाजवली तर आवाज जागच्या जागी मरायचा.

"घे बाय," महिपत म्हणाला. "पण दार लोटू नकोस हां. आतली मूठ भंगारवाल्याने नेली. दारातला हा दगड असाच राहू दे."

"आणि मामा, रिकाम्या खोलीत रोज हाक कसली मारता? 'आत कोण हाय?' म्हणून?"

"रीत आहे ती. दार लावायच्या आधी हाक मारायची."

"कोणी उत्तर दिलं तर?"

महिपतने दगड दाराशी आणखी घट्ट सारला.

गेल्या डिसेंबरातला शुक्रवार, अमावस्या. अल्बमचं एकच गाणं राहिलं होतं. अगदी हळू, श्वासावर गायचं. महिपत जेवायला घरी गेला होता. दगडामुळे राहिलेल्या दाराच्या फटीतून बोटीच्या इंजिनाचा आवाज आत येत होता. पुन्हा पुन्हा. एवढ्यासाठी गाणं बिघडतंय, म्हणून तेजल चिडली. एकदाच, चार मिनिटांसाठी... तिने पायाने दगड सरकवला.

दार बसलं.

गाणं सुरेख झालं. हसतच ती दाराकडे गेली. ढकललं. खांदा लावला. ओरडली. फोनला रेंज नव्हती. ज्या भिंतींतून बाहेरचं काही आत येत नव्हतं, त्यांतून तिचा आवाज बाहेर जाणार कसा?

बॅटरीचा दिवा पिवळा पडत गेला. मग थंडी वाजायला लागली. बर्फाची यंत्रं केव्हाच विकलेली. तरी तोंडातून वाफ येत होती.

माईक चालूच होता. कानावर ऊब राहावी म्हणून तिने हेडफोन चढवला. आत श्वास ऐकू आला. तिचाच असणार.

तिने श्वास रोखला.

तो चालूच राहिला.

हेडफोन काढला. शांत. घातला. श्वास... आणि दात वाजण्याचा आवाज. माईकच्या अगदी जवळ.

"कोण?"

काही नाही. मग पुरुषाचा घोगरा आवाज.

"झोपू नको."

दिवा गेला.

"गा."

ती गायली. सगळा अल्बम गायली. थांबली की हेडफोनमध्ये दार धडधडायचं. आतून. कोणीतरी मुठींनी... ती गायची, धडधड थांबायची. गळा फाटला, तरी गायची. तिला वाटलं, हा आपल्याला सोडणार नाही. आपण इथेच गात राहणार...

मग आवाजच फुटेना.

धडधड झाली नाही. कोणीतरी जवळ येत होतं... अगदी जवळ...

पुढचं तिला आठवत नाही.

रात्री दार बंद बघून पोर घरी गेली, असं महिपतला वाटलं होतं. उजाडल्यावर त्याने दार उघडलं. हाक मारली, "आत कोण हाय?" कोपऱ्यातून पुटपुटल्यासारखं उत्तर आलं, "मी." तेजल बसली होती. अंगाभोवती गोणपाट, मानेपर्यंत नीट खोचलेलं. महिपत खोली स्वतः झाडायचा. आत चिंधीसुद्धा नव्हती.

त्याने तिला अंगणात आणून चहा पाजला. मग सांगितलं. भागोजी म्हणून बर्फ वाहणारा होता. लाद्या उचलताना गोणपाट पांघरायचा. एका रात्री घाईत कोणी हाक मारली नाही. दार लागलं. सोबती बाहेरच जेवत बसले होते. कोणाला काही ऐकू आलं नाही.

"सकाळी बसलेला सापडला," महिपत म्हणाला. "झोपल्यासारखा."

तेजल उन्हात पसरलेल्या गोणपाटाकडे बघत राहिली. ऊन चढलं होतं. त्याच्या धाग्यांवरचा पांढरा बर्फ वितळत नव्हता.

"मामा, पाना आहे?" तिचा आवाज बसला होता.

"कशाला गो?"

"दार उतरवायचंय."

"आणि कारखान्याचे मालक? दाराशिवाय तुझं गाणं?"

"मालकांना मी सांगते. आधी दार."

ती उठली.