माहीमच्या खाडीतला चिखल

मिठी नदी समुद्राला मिळते तिथल्या गाळाचा एक उभा नमुना आणायचा, एवढ्यासाठी आम्ही त्या शनिवारी सकाळी वरळी कोळीवाड्यातून निघालो. मोहीम म्हणून हे काही भारदस्त वाटत नाही, मला मान्य आहे. पण संघर्षची सगळी पीएच.डी. त्या चिखलावर अडली होती!

संघर्ष माझा शाळेपासूनचा मित्र. घोडपदेवच्या चाळीत वाढला, आता कॉलेजात भूगोल शिकवतो. नदी नुसती वाहत नाही. ती एका वळणावर काठ खाते आणि तीच माती दुसरीकडे नेऊन नवी जमीन घडवते, हे तो लग्नाच्या पंगतीतही समजावून सांगतो. मिठीचं मुख पूर्वी आजच्यापेक्षा बरंच दक्षिणेला होतं, असा त्याचा दावा. तसं असेल, तर तिथल्या गाळाच्या बेटाच्या पोटात, समुद्राच्या काळ्या चिखलाखाली, नदीने आणलेली तांबूस रेती सापडायला हवी. बेट फक्त ओहोटीला वर येतं, आणि सोमवारपासून ते यंत्राने उपसलं जाणार होतं. गाइडबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, रेती दाखवा, नाहीतर विषय बदला.

मी देवदत्त, प्रभादेवीचा दातांचा डॉक्टर. मला पोहता येत नाही. "तुला फक्त पाइप ओढायचाय रे," असं सांगून त्याने मला गळाला लावलं.

होडी राधाताईंची. वडील राजाराम गेल्यापासून त्या स्वतःच ती चालवतात. सी-लिंकखालून होडी उत्तरेला गेली, तेव्हा पुलावरच्या गाड्यांची घरघर डोक्यावर आणि पुढे खाडीचं राखाडी, संथ पाणी. ओहोटी जवळजवळ संपत आली होती. माहीमच्या बाजूला ओला गाळ दूरवर चमकत होता आणि त्यावर बगळे सावकाश फिरत होते.

"किल्ल्याचा बुरूज आणि चर्चचा क्रूस एका रेषेत आला का, खाली टणक जमीन," राधाताई म्हणाल्या. "बाबांची खूण."

संघर्षने मोबाइलवर उपग्रहाचं चित्र काढलं. चित्रातही बेटाचा टणक भाग नेमका तिथेच होता. दोघं एकमेकांकडे बघून खूश झाली. एरवी कोळी माणूस अनोळखी गाळावर उतरण्याआधी बांबू खुपसून बघतो. पण दोन-दोन साक्षीदार एकच सांगत असताना बांबूला कोण विचारतो? नांगर टाकला आणि आम्ही दोघं उतरलो. खूण राजारामबाबांची होती आणि चित्र मे महिन्यातलं. मधे आख्खा पावसाळा नदीतून वाहून गेला होता, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नमुन्याचा पोकळ पाइप गाळात ठोकायला त्रास झाला नाही. बाहेर मात्र येईना! आम्ही तो सरळ ओढत होतो, आणि जितका ओढू तितका चिखल त्याला धरून ठेवत होता.

"थांब, अक्कलदाढ अशी निघत नाही," मी म्हणालो. "आधी हलवायची, जागा करायची."

"मग हलव ना! लेक्चर काय देतोस?"

जोर लावायला तो दोन पावलं मागे सरला आणि मांडीपर्यंत आत गेला. आधी मला हसू आलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी संपलं.

"देवा, पायाखाली काहीच नाहीये रे."

तेवढ्यात होडीतून राधाताई ओरडल्या, "मागे बघा! पाणी मागून येतंय!"

आम्ही समुद्राकडे डोळे लावून बसलो होतो. भरती मात्र बेटाच्या पाठीमागून, माहीमच्या अंगाने चढत होती. तिथे नदीने पावसात एक नवी नाळ, पाण्याची खोल वाट, कापली होती. चित्रात ती नव्हती, बाबांच्या वेळी तर नव्हतीच.

राधाताई होडीतली बसायची फळी उपसून, दोर घेऊन धावत आल्या. फळी त्यांनी संघर्षपुढे आडवी टाकली. "हिच्यावर छाती टाका सर, पोटावर झोपा!" दोर एकच होता. संघर्षने तो पकडला आणि पाइपला गुंडाळायला लागला!

"आधी पाइप काढा. मी निघेन."

"वेड लागलंय का तुला?"

"देवा, परवा हे बेटच नसणार! ऐक ना!"

पाणी घोट्याला लागलं. मी त्याच्या हातातून दोर हिसकावला. मित्राच्या इतक्या वर्षांच्या कष्टांचा दोर आपण सोडवतोय, हे मला कळत होतं. पण मी तो सोडवला आणि त्याच्या काखेखालून बांधला. त्याने मला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

मग मी गुडघ्यांवर बसलो आणि त्याची मांडी धरून पाय हलवायला लागलो. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे! बाजूने पाणी आत शिरलं, चिखलाची पकड ढिली झाली. "ओढा ताई!" एक पाय सुटला. मग दुसरा, एक बूट आत ठेवून.

आम्ही होडीत कोसळलो. पाइपचं पिवळं टोक थोडा वेळ दिसलं, मग तेही बुडालं. मला संघर्षकडे बघवेना.

समोर उथळ पाण्यावर लाटा फुटत होत्या. खोल पाणी फक्त त्या नव्या नाळेतच होतं, म्हणून राधाताईंनी होडी तिकडे वळवली. या वेळी त्या बांबू खुपसत जात होत्या. वळणावर प्रवाहाने बेटाचा काठ उभा कापला होता, सुरीने केक कापावा तसा. वर काळा चिखल, मधे शिंपल्यांचा राखाडी थर, आणि पाण्याच्या अगदी कडेला...

"रेती!" संघर्ष किंचाळला. "तांबूस रेती! देवा, हे आपल्यासाठी नदीनेच खणून ठेवलंय!"

"पाणी चढतंय सर," राधाताई म्हणाल्या. "पटकन करा."

त्यांनी बांबू रोवून होडी धरली. मी संघर्षचा पट्टा धरला. तो होडीच्या काठावर ओणवा झाला आणि राधाताईंच्या कोयत्याने त्याने वरपासून खालपर्यंत एक सलग पट्टी कापली, तुकडा तुकडा, क्रम न चुकवता. मासळीची पाटी भरत गेली. शेवटचा तांबूस तुकडा निघाला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. आम्ही वळलो, तोवर रेतीचा थर बुडाला होता.

परतताना राधाताई नाळेच्या तोंडाशी थांबल्या. किनाऱ्याकडे बघत त्यांनी एक पाण्याची टाकी आणि एक उंच इमारत एका रेषेत धरली आणि दोनदा पुटपुटून पाठ केली. "पुढच्या पावसापर्यंत हीच खूण," त्या म्हणाल्या. "मग पुन्हा बघू."

धक्क्यावर सुंदराबाई मासळी निवडत होत्या. त्यांनी पाटीत डोकावून बघितलं.

"चिखल? याच्यासाठी जीव द्यायला गेलेले काय?"

"हो मावशी," संघर्ष म्हणाला, आणि तो चक्क रडत होता.

मी पाटी उचलायला गेलो, तर तो हात लावू देईना. राधाताईंनी होडीतल्या फडक्याची चुंबळ करून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पाटी स्वतःच्या हातांनी वर चढवली, ताजी मासळी बाजाराला निघावी तशी. तो कोळीवाड्याच्या गल्लीतून ताठ मानेने, अनवाणी चालत निघाला. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

मी त्याचा उरलेला बूट घेऊन मागून चाललो होतो.