घरची बाटली

घरचं काम शेवटी, हा धीरजचा जुना खाक्या. बोईसरच्या लॅबमध्ये तो गाठींचे पातळ काप काढून काचपट्ट्या करायचा. केळव्याजवळच्या माहीमला, त्याच्या गावी, तिथल्याच डॉक्टरांनी त्याच्या वडिलांच्या जिभेचा तुकडा बाटलीत घालून तपासायला त्याच्याच हाती दिला, तेव्हा ती बाटली त्याने लॅबच्या फळीवर मागे सारली. परक्यांची कामं आधी. घरचंच तर आहे, करू सावकाश. ना चिठ्ठी, ना नोंद. बावीस दिवस ती तिथंच पडून राहिली. कॅन्सर निघाला, तोही गळ्यापर्यंत उतरलेला. जीभच काढावी लागली. त्या बावीस दिवसांबद्दल धीरज कुणापाशी अवाक्षर बोलला नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? स्वतःची शिसारी येत होती, ती तो डब्याबरोबर रोज गिळायचा.

आता लॅबच्या डॉक्टर दमयंतीबाईंना अभ्यासासाठी त्याच तुकड्याची नवी पट्टी हवी होती.

"पेशीला एक बारीक केस असतो," त्या म्हणाल्या. "बाहेरचे निरोप त्यावर येतात. कॅन्सरमध्ये बरेचसे झडतात. किती उरलेत ते बघ."

धीरजने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकही झडला नव्हता. दिलेल्या रंगाने हिरवे, चकाकणारे, आणि सगळे त्याच्या खुर्चीच्या बाजूला कललेले. वाडीतल्या पानवेली उजेडाकडे कलतात तसे.

काप काढताना ओढ बसली असेल, म्हणून त्याने पट्टी उलट फिरवून लावली. केस पुन्हा खुर्चीकडेच.

"किंजल, जरा इथं बस." तो उठून खिडकीशी गेला.

शेजारच्या टेबलावरची किंजल येऊन बसली. "सगळे खिडकीकडे झुकलेत. असं असतं का रे?"

तो दाराशी गेला.

"आता दाराकडे," ती हळूच म्हणाली, आणि डोळा सूक्ष्मदर्शकावरून बाजूला घेतला.

फॉर्मॅलिनमध्ये मेलेलं मांस होतं ते.

दुपारीच तो रजा टाकून माहीमला आला. आई ओटीवर विड्याची पानं निवडत होती.

"बरं जालं आलास. सकाळपासून यांची मान बोईसरकडं हाय. खुर्ची फिरवली तरी नाय ऐकत."

वडील, शांताराम, आत बसले होते. धीरज डावीकडे सरकला. त्यांची मान वळली.

उजवीकडे सरकला. वळली.

मांडीवर पाटी होती. हल्ली तेच त्यांचं बोलणं. आधीच लिहून ठेवलेली ती त्यांनी उचलून त्याच्यासमोर धरली.

"बावीस ना?"