दहाची यादी

आमची खोली चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की आमची चाकांची खुर्ची वर नेता येत नाही. ती खाली दुकानातच असते आणि गल्लीत कुणाचा पाय मोडला की दुकानदारच ती वापरायला देतो. वर एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर साधा लाकडी क्रूस आणि एकदा उघडली की बंद करायला दोन माणसं लागणारी खिडकी. संस्था म्हणावी तर तीन माणसांची. मोठ्या बाई, टेलरमामा आणि मी.

लोक आमच्याकडे प्रार्थना मागायला येतात. चर्चला जाणारे येतात, कधी न जाणारेही येतात. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाचा नवरा पितो, कुणाची मुलगी घर सोडून गेलेली असते. मोठ्या बाई कुणाला काही विचारत नाहीत आणि वहीत नावही लिहीत नाहीत. 'बेकरीवाल्याची आई', 'निळ्या फाटकातली सून', एवढंच.

"नावं प्रभूला ठाऊक आहेत," त्या म्हणतात. "आपल्याला कळली की आपण जिन्यात बोलत बसतो."

रोज सकाळी दहाला, रविवारीसुद्धा, ही यादी मोठ्याने वाचली जाते. वाचतो मी. बारा मिनिटं लागतात. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. कागदावरचं न चुकता वाचणं एवढं तरी आपल्याला येतं, असं मी धरून चाललो होतो.

बुधवारचं काम मात्र मला जमत नसे. यादीतल्या घरी जाऊन विचारायचं, काही फरक आहे का? माणूस बरं झालं असेल किंवा गेलं असेल, तर घरचे सांगतात आणि ओळ खोडली जाते. घरच्यांनी सांगितल्याशिवाय ओळ काढायची नाही, हा बाईंचा एकुलता एक नियम. पण परक्या दाराची घंटा दाबायची म्हटलं की मी जिन्यातच घुटमळतो. यादीतले 'चष्मेवाल्याचे वडील' शेवटच्या घटका मोजत होते. त्यांच्या दाराशी मी बराच वेळ उभा राहिलो. आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मी घाबरून खाली उतरलो. वहीत त्या ओळीपुढे लिहिलं, 'तसंच आहे.' पुढच्या बुधवारी गेलोच नाही, तरी तेच लिहिलं. असे अकरा बुधवार.

यादीतली शेवटची ओळ माझ्या घरची आहे. 'वाचणाऱ्याची बायको.' चौदा महिन्यांपूर्वी हिला झटका आला, ही स्वयंपाकघरात पडली, तेव्हा बाईंनीच ती लिहिली. तिथेही मी दर बुधवारी 'तसंच आहे' लिहितो. ही खुर्चीत बसून असते, डोळे मिटून. बोलत नाही. संध्याकाळी मी तिला काहीतरी वाचून दाखवतो. ऐकते की नाही, कोण जाणे. सकाळी मी नसताना शेजारच्या वहिनी येऊन बसतात.

"भावजी, काय जादू केलीत हो?" त्या एकदा म्हणाल्या. "दिवसभर मिटलेले डोळे, आणि दहाच्या ठोक्याला उघडून दाराकडे टक लावतात. तुम्ही गेलात ना त्या दारातून! या वयात एवढं प्रेम? आमच्याकडे मोजे सापडले नाहीत की माझी आठवण येते."

माझे कान गरम झाले. दिवसभर मी त्या वाक्यावर खूश होतो.

एका गुरुवारी चष्मेवाला जिना चढून आला. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. बाई आणि टेलरमामा निघून गेले होते.

"काका, वहीत माझ्या वडिलांपुढे काय लिहिलंय?"

मी वही दाखवली. त्याने एकेक तारीख बोट ठेवून वाचली.

"तुम्ही आलाच नाहीत ना एकदाही?"

"नाही," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"आला असतात तर मी तरी काय सांगणार होतो?" तो म्हणाला. "चला. आज बघाच."

वडिलांच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. चादरीला सुरकुती नव्हती. आजाऱ्याच्या खोलीला औषधाचा, अंगाचा वास असतो. या खोलीला वासच नव्हता. म्हातारे उताणे झोपले होते. गाल गुळगुळीत. हनुवटीवर वस्तऱ्याची बारीक जखम, लाल, ओली.

"दाढी आजच केलीत?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"अकरा आठवड्यांपूर्वी."

मी पुन्हा त्या जखमेकडे पाहिलं. रक्त वाहत नव्हतं आणि सुकलेलंही नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"एकदाच आले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले. मग बॅग आवरली, उद्या येतो म्हणाले. आता माझा फोन घेत नाहीत." त्याने खिशातून छोटी बॅटरी काढली आणि वडिलांची पापणी उचलून उजेड टाकला. "बघा. माझा रोजचा धंदा हा. उजेड पडला की बाहुली लहान व्हायला हवी."

बाहुली मोठीच राहिली.

"दहाला मात्र होते," तो म्हणाला. "दहाला आपणहून डोळे उघडतात, माझ्याकडे बघतात. बारा मिनिटं. आणि एकच शब्द म्हणत राहतात."

"कुठला?"

"पुरे."

त्याने बॅटरी विझवली. "मी त्यांचा मुलगा आहे, काका. घरचा आहे. मी सांगतो, ओळ काढा."

खोलीवर परत येऊन मी पट्टी धरून ओळ खोडली. शुक्रवारी दहाला यादी वाचली, त्या ओळीशिवाय. आमेन म्हणून होतंय तोच फोन वाजला.

"गेले," चष्मेवाला म्हणाला. आवाज शांत होता. "शांतपणे गेले. पण दाढी, काका. माझ्या डोळ्यांदेखत बोटभर वाढली. आता न्हाव्याला बोलावलंय."

बाईंना मी फक्त गेल्याचं सांगितलं. "सुटले," त्या म्हणाल्या. टेलरमामांनी चष्मेवाल्याकडे खुर्च्या पोचवायची व्यवस्था केली. मी घरी आलो.

हिची नखं मी रविवारी कापतो. निदान कापतो अशी माझी समजूत होती. त्या रविवारी खणातून नेलकटर काढलं, तर त्याचं पातं गंजून चिकटलेलं. मी तिचा हात उजेडात धरला. कापण्यासारखं काही नव्हतं. बाही वर केली. पडली तेव्हा कोपराला मार लागला होता. तो डाग अजून निळाच होता. मी तो रोज बघत होतो.

तिच्याजवळ मी रोज दुधाचा कप ठेवतो आणि रोज तो धुतो. धुताना तो रिकामा असतो की भरलेला, ते मला आठवेना.

सोमवारी मी गुडघा दुखतो असं कळवलं. "यादी तुम्ही वाचा," टेलरमामांना म्हणालो. वहिनींना येऊ नका म्हणून सांगितलं आणि दाराजवळ खुर्ची घेऊन बसलो.

दहा वाजले.

तिने डोळे उघडले. दारापाशी मी होतो, तेव्हा तिला मीच दिसलो.

ती माझ्याकडे बघत होती. मी जवळ गेलो, हात धरला, तिची नजर माझ्याबरोबर सरकली. चौदा महिन्यांनी.

तिचे ओठ हलले. पुन्हा हलले. शब्द छोटा होता.

मग डोळे मिटले.

बुधवारी बाईंनी वही माझ्यापुढे न सरकवता स्वतःकडे ओढली. त्या कधी असं करत नाहीत. पेन उघडून शेवटच्या ओळीवर धरलं.

"वाचणाऱ्याची बायको," त्या म्हणाल्या. "घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

टेलरमामा खिडकीबाहेर बघत होते.

"ती काहीतरी म्हणते," मी म्हणालो. "मला नीट कळत नाही."

"तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "छापखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला?"

मी मान खाली घातली. बाईंनी पेन ओळीवरून उचललं नाही.

"तसंच आहे," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहिलं.

आता यादी टेलरमामाच वाचतात. मी दहाला घरी असतो. मामांना भरभर वाचायची सवय आहे, म्हणून मी त्यांना सांगून ठेवलंय, घाई कशाला, एकेक ओळ सावकाश घ्या. ते बिचारे ऐकतात. काल एकोणीस मिनिटं लागली.