रांगोळीतले शिंपले

वसुबारसेच्या सकाळी शाळेचं कपाट उघडलं आणि स्नेहलताला कळलं, आईचे दगड गेले!

गोपाळनं खालचा खण चाचपला. "एकबी नाही बे! उंदरांनी दगड खाल्ले काय?"

"दिवाळीची सफाई केली," किसनराव हेडमास्तर दारातूनच म्हणाले. "अडगळ होती ती. चला, मला कुलूप लावायचंय."

स्नेहलता जागची हलली नाही. तिची आई, सिंधूताई, साखरखेर्ड्याच्या याच शाळेत विज्ञान शिकवायची. गावातली विहीर खोदताना निघालेला हिरवट-पांढरा दगड तिनं निवडून आणला होता. त्यात तिळाएवढे शिंपले होते, झिंगे-खेकड्यांच्या गोतातल्या एका बारक्या जिवाचे. तो जीव स्नायूनं ओढून शिंपल्याची दोन झाकणं घट्ट मिटायचा. स्नायू जिथं चिकटलेला असायचा, तिथं आतून वण राहायचे. एका फुटक्या शिंपल्यात आईला ते दिसले होते.

हेडमास्तर सगळ्या शिक्षकांसमोर हसले होते. "दगडात कसला आलाय स्नायू! बाईंना भलतंच दिसतं."

उन्हाळ्यात आई गेली. बाबांनी विनवण्या केल्यामुळे उद्या नागपूरचे प्राध्यापक तेच दगड पाहायला येणार होते.

"आता दाखवायले काहीच नाही," बाहेर येताच गोपाळ म्हणाला.

"म्हणजे आई खोटी ठरंल? मी ठरू देणार नाही!"

हेडमास्तरांच्या दारापुढं गाय-वासराची पावलं काढलेली होती. स्नेहलता एकदम थांबली.

"गोपाळ, ही रांगोळी हिरवट काऊन दिसते?"

"हात नको लावू! मास्तरीणबाई झाडू घेऊन येतील!"

तिनं चिमूट उचलली आणि खिशातलं आईचं भिंग लावलं. भुकटीत शिंपल्याची एक कपची चमकत होती!

दोघं धावतच केसरबाईकडे गेले. गावाला दिवाळीची रांगोळी तीच कुटून द्यायची. तिची नात प्रतिमा त्यांच्याच वर्गात होती.

"हेडमास्तरांनीच तर धाडले दगड!" केसरबाई म्हणाली. "म्हणे, शाळेत पडून राह्यले, कुटून टाक."

"सगळे कुटले?"

"सगळे, माय. काऊन?"

स्नेहलता भुकटीत बोटं फिरवून पाहू लागली. तेवढ्यात प्रतिमा म्हणाली, "चाळणीवर राहते ते खरबरीत चालंल का? आजी ते मागं टाकते. कोंबड्या खातात."

तिघं मागच्या अंगणात धावली. कोंबड्या टिपतच होत्या!

"हुश्श! हुश्श! आमचं विज्ञान खाऊन राह्यल्या!" गोपाळनं सदराच काढून फिरवला. लाल कोंबडा त्याच्या अंगावर आला. गोपाळ पळाला, कोंबडा मागं आणि प्रतिमा टोपली घेऊन कोंबड्यामागं.

"काय झालं या पोरांले!" केसरबाई ओरडली.

स्नेहलता उरलेल्या ढिगाशी बसली. तिनं भिंग लावलं. मऊ दगडाचा भुगा झाला होता, पण टणक शिंपले सुटून आले होते. काही अख्खे, काही उघडे. दगडात रुतलेली आतली बाजू आता वर आली होती!

"प्रतिमा, काड्यापेटी आण. लवकर!"

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक शाळेत आले. स्नेहलताचे बाबा मार्तंडराव कोपऱ्यात उभे होते. उन्हाळ्यापासून ते फारसे बोलत नसत.

"उगाच त्रास झाला, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "साधे दगड होते आणि आता तेही नाहीत."

स्नेहलतानं काड्यापेटी टेबलावर ठेवली. "साधे नव्हते. तुम्ही ते कुटायले दिले. आईले हसले होते ना? आता पाहा अन् मग हसा!"

"स्नेहलता! माफी माग!"

"नाही मागणार."

"ती माफी मागणार नाही, हेडमास्तर," बाबा म्हणाले. आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शक काढला. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले.

"मधोमध ठिपक्यांचा पुंजका आहे," शेवटी ते म्हणाले. "स्नायूचेच वण! बाईंनी बरोबर ओळखलं होतं. पोरांनो, आम्हीही दगड फोडून चाळणीनंच शिंपले काढतो. फक्त कोंबड्या पाळत नाही! शाबास!"

गोपाळनं ओरखडलेली पोटरी पुढं केली. "हे लढाईतले वण बी पाहा, साहेब!"

हेडमास्तर सूक्ष्मदर्शकावर वाकले. सरळ झाले तेव्हा चेहरा उतरला होता. "वण आहेत. मी चुकलो, मार्तंडराव."

"हे सिंधूले सांगायले पाहिजे होतं," बाबा म्हणाले. त्यांनी स्नेहलताच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीनं आईचं काम राखलं."

"साहेब, आई म्हणायची, कधी कधी खुद्द स्नायूचाच दगड होतो. खरं आहे?"

"खरं आहे. पण फार क्वचित सापडतो."

"मग तो कुठं पाहू?"

"दगड जिथून निघाला, तिथंच."

विहीर आता काठोकाठ भरली आहे. त्या दगडाचा थर पाण्याखाली आहे. तो पाहायचा अजून राहिला आहे.